नवरा दुबईत, बायको सोलापुरात: इन्कम टॅक्स रिटर्न कुणी आणि कसा भरायचा?

नवरा दुबईत बांधकाम कंपनीत सुपरवायझर. बायको जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये, सासू-सासरे आणि दोन मुलांसोबत. दर महिन्याला तिकडून पैसे येतात. त्यातून घरखर्च, शाळेची फी, औषधपाणी भागतं आणि उरलेल्या पैशांची बायकोच्या नावावर एफडी होते. सात-आठ वर्षं हे सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस आयकर खात्याचा एसएमएस येतो, की तुमच्या नावावर एवढं एवढं व्याज जमा झालेलं दिसतंय, पण रिटर्न दिसत नाही.

हे जोडपं काल्पनिक आहे. पण नवरा किंवा बायको आखातात, अमेरिकेत, जर्मनीत आणि बाकी घर इथे, अशी कुटुंबं आता सोलापूर, बार्शी, पंढरपूर कुठेही सापडतात. आणि एसएमएस आल्यावर त्यांना पडणारे प्रश्नही तेच असतात. परदेशातून आलेल्या पैशांवर टॅक्स लागतो का? रिटर्न नवऱ्याने भरायचा की बायकोने? दोघांचा मिळून एकच भरता येतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना माहीत असतं. खरी गोची दुसऱ्यात आहे.

दोघांचा मिळून एक रिटर्न भरता येतो का?

भारतात नाही. आपल्याकडे आयकर व्यक्तीवर लागतो, जोडप्यावर नाही. नवऱ्याचा पॅन वेगळा, बायकोचा वेगळा, रिटर्नही वेगळा. अमेरिकेत पती-पत्नी एकत्र रिटर्न भरू शकतात, त्यामुळे तिकडे गेलेली मंडळी घरी फोन करून "आपण जॉइंट भरू" असं सांगतात आणि इथे गोंधळ होतो. अमेरिकेचा भाग पुढे येतोच.

म्हणजे नवऱ्याचा दुबईचा पगार बायकोच्या रिटर्नमध्ये दाखवायचा नसतो. नवऱ्याने घरी पाठवलेले पैसेही तिचं उत्पन्न धरले जात नाहीत. आयकर कायद्यात जोडीदार 'नातेवाईक' या व्याख्येत बसतो आणि नातेवाइकाने दिलेल्या भेटीवर कितीही रक्कम असली तरी घेणाऱ्याला कर नाही. महिन्याला ५० हजार येवोत की ५ लाख, त्या रकमेवर बायकोला टॅक्स लागत नाही.

इथपर्यंत ऐकून बहुतेक जण निश्चिंत होतात.

मग अडचण कुठे येते?

आलेल्या पैशातून पुढे उत्पन्न सुरू होतं, तिथे.

आयकर कायद्याचं कलम ६४ सांगतं की नवऱ्याने बायकोला, किंवा बायकोने नवऱ्याला, पुरेसा मोबदला न घेता एखादी मालमत्ता दिली, तर त्या मालमत्तेतून येणारं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जाईल. यालाच सीए लोक 'क्लबिंग' म्हणतात. पैसे ही मालमत्ताच आहे. नवऱ्याने पाठवलेल्या पैशांची बायकोने एफडी केली, तर एफडी बायकोची, पण व्याज हिशेबात नवऱ्याचं.

नवरा एनआरआय असला तरी सुटका नाही. एनआरआयला परदेशातल्या कमाईवर भारतात कर नसतो, पण भारतात निर्माण होणाऱ्या उत्पन्नावर असतो. सोलापूरच्या बँकेतलं व्याज हे भारतातलंच उत्पन्न.

"पण मी तिला प्रेमाने दिले होते" हा युक्तिवाद कोर्टात होऊन गेलेला आहे, आणि तोही मुंबईतूनच गेला होता. मुंबईचे उद्योगपती तुलसीदास किलाचंद यांनी आपल्या काही शेअर्सचा लाभ पत्नीला मिळावा अशी व्यवस्था केली होती. त्या शेअर्सचा लाभांश कुणाच्या उत्पन्नात धरायचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९६१ मध्ये निकाल लागला. नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळा हा 'चांगला' मोबदला असेल, पण कायद्याला हवा तो 'पुरेसा' मोबदला नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पुरेसा म्हणजे पैशात मोजता येईल असा. साठ वर्षं उलटली तरी क्लबिंगची चर्चा निघाली की सीए अजून याच निकालापाशी येतात.

दुसरा एक निकाल कलकत्त्याच्या प्रकरणातला, १९६३ चा. तिथे शेअर्स लग्नाच्या आधी, होणाऱ्या बायकोला दिले होते. मालमत्ता दिली त्या दिवशी पती-पत्नीचं नातं असायला हवं, वाग्दत्त वधू म्हणजे पत्नी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं आणि क्लबिंग लागू झालं नाही. म्हणजे साखरपुड्यात दिलेलं आणि लग्नानंतर दिलेलं यात आयकर खात्याच्या दृष्टीने फरक आहे. (अर्थात होणारी बायको 'नातेवाईक' या व्याख्येतही बसत नाही. भेट ५० हजारांच्या वर गेली, तर आजच्या नियमांत तिच्याच उत्पन्नात धरली जाऊ शकते. साखरपुडा लांबवून टॅक्स वाचवायचा विचार कुणी करत असेल, तर तो इथेच सोडून द्यावा.)

आणखी एक गैरसमज. कलम ६४ मध्ये एक अपवाद आहे, विभक्त राहण्याच्या करारानुसार दिलेल्या मालमत्तेला क्लबिंग नाही. "आम्ही वेगळेच राहतो की, तो दुबईत, मी इथे" असं म्हणून त्यात बसता येत नाही. हा अपवाद संसार मोडताना होणाऱ्या करारासाठी आहे, नोकरीसाठी लांब राहण्यासाठी नाही.

आकड्यांत बघू

आपल्या जोडप्याचंच उदाहरण घेऊ. आठ वर्षांत बायकोच्या नावावर ६० लाखांच्या एफडी झाल्या. व्याजदर ७ टक्के धरला तर वर्षाला ४ लाख २० हजार व्याज. शिवाय विजापूर रोडला नवऱ्याच्या नावावर दुसरा फ्लॅट आहे, तो महिना २५ हजार रुपये भाड्याने दिलाय. वर्षाचं भाडं ३ लाख, त्यातून ३० टक्के ठरावीक वजावट गेली की उरतात २ लाख १० हजार.

बायकोला वाटतं, नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, मग काळजी कसली? इथे दोन गोष्टी निसटतात. एक म्हणजे हे व्याज तिच्या नव्हे, तर नवऱ्याच्या उत्पन्नात जाणार. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १२ लाखांपर्यंत शून्य कर हा कलम ८७ए च्या सवलतीमुळे आहे आणि ती सवलत फक्त निवासी व्यक्तीला मिळते. एनआरआयला मिळत नाही. त्याचा कर ४ लाखांच्या वर लगेच सुरू होतो.

म्हणून नवऱ्याचं भारतातलं एकूण उत्पन्न ६ लाख ३० हजार. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. उरलेल्या २ लाख ३० हजारांवर ५ टक्के म्हणजे ११,५००, अधिक ४ टक्के सेस. एकूण ११,९६० रुपये.

रक्कम फार मोठी नाही, मान्य. पण ती दरवर्षीची आहे, आणि उत्पन्न दाखवलंच नाही तर चुकवलेल्या कराच्या ५० टक्के दंड, मुद्दाम लपवलं असं ठरलं तर २०० टक्के, शिवाय व्याज वेगळं.

आता हेच ६० लाख नवऱ्याने स्वतःच्या एनआरई खात्यात एफडी करून ठेवले असते तर? एनआरई खात्यावरचं व्याज एनआरआयला करमुक्त असतं. मग उरलं फक्त भाड्याचं २ लाख १० हजार, जे ४ लाखांच्या आत आहे. टॅक्स शून्य. तेच पैसे, तीच बँक, कदाचित तीच शाखा. फरक फक्त खातं कुणाच्या नावावर आणि कोणत्या प्रकारचं, एवढाच. माझ्या मते परदेशात जोडीदार असलेल्या कुटुंबाने सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे, आणि नेमकी हीच कुणी सांगत नाही.

"पण मग अडीअडचणीला पैसे कसे काढायचे?" हा बायकोचा प्रश्न अगदी रास्त आहे. एनआरई खात्यात निवासी जोडीदाराला 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने जोडता येतं. म्हणजे नवरा हयात असेपर्यंत खातं त्याचं, आणि बायको मुखत्यारपत्रावर इथले व्यवहार बघू शकते. घरखर्चाचे पैसे तिच्या साध्या बचत खात्यात येत राहतात.

घरखर्चातून साठवलेले पैसे कुणाचे?

डाळीच्या डब्यातून थेट आयकर कायद्यात येणारा हा प्रश्न आहे. नवरा ५० हजार पाठवतो, बायको ३५ हजारांत भागवते, उरलेले १५ हजार साठवते. ते तिचे की त्याचे?

जुन्या नागपूर उच्च न्यायालयाचा नायडू प्रकरणातला एक निकाल यावर सांगितला जातो. तो १९५६ च्या आयकर निकालसंग्रहात आहे. नवऱ्याने बायकोला कपडालत्ता आणि वैयक्तिक खर्चासाठी दिलेले पैसे तिचेच, त्यातून तिने घेतलेली वस्तू म्हणजे नवऱ्याने दिलेली मालमत्ता नव्हे, असा त्याचा सूर आहे. पण याचा अर्थ महिन्याला दोन लाख पाठवून ते 'घरखर्च' म्हणता येतील असा नाही. रक्कम राहणीमानाला साजेशी हवी.

दुसरी एक सोय कायद्यातच आहे. क्लबिंग फक्त मूळ मालमत्तेच्या उत्पन्नाला लागतं, त्या उत्पन्नाच्या उत्पन्नाला नाही. नवऱ्याच्या १० लाखांवर आलेलं ७० हजार व्याज नवऱ्याच्या हिशेबात. तेच ७० हजार बायकोने वेगळी एफडी करून ठेवले आणि त्यावर ४,९०० व्याज आलं, तर ते ४,९०० तिचे. वर्षानुवर्षं हे वेगळं ठेवलं तर तिचं स्वतःचं भांडवल उभं राहतं. मात्र मुद्दल आणि व्याज एकाच एफडीत पुन्हा पुन्हा गुंतवत गेलं, की कोणता रुपया कुणाचा हे शोधताना सीएसुद्धा हात टेकतो.

बायकोची स्वतःची नोकरी असेल तर पगाराचं खातं आणि नवऱ्याच्या पैशांचं खातं वेगळं ठेवा. पगारातून केलेल्या गुंतवणुकीचं उत्पन्न पूर्णपणे तिचं.

बायकोने त्या पैशांत धंदा सुरू केला तर?

समजा तिने टॉवेल शिवणाचं युनिट टाकलं. स्वतःचे ३ लाख घातले, नवऱ्याने दिलेले ६ लाख. नफ्याचं क्लबिंग भांडवलाच्या प्रमाणात होतं, आणि ते प्रमाण वर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १ एप्रिलला किती भांडवल कुणाचं होतं यावरून काढतात. इथे नवऱ्याचा वाटा दोन तृतीयांश. नफा ३ लाख झाला तर २ लाख नवऱ्याच्या उत्पन्नात, १ लाख तिच्या. कष्ट सगळे तिचे असले तरी. हा नियम मला स्वतःला पटत नाही, पण कायदा असाच आहे.

नवरा 'एनआरआय' आहे हे ठरतं कसं?

पासपोर्टवरच्या व्हिसाने नाही. भारतात किती दिवस होता, यावरून. आणि हे दरवर्षी नव्याने ठरतं.

सर्वसाधारण नियम असा की आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहिलात, तर तुम्ही निवासी. दुसरी एक कसोटी ६० दिवसांची आहे (त्याआधीच्या चार वर्षांत एकूण ३६५ दिवस भारतात असाल तर), पण नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या आणि सुट्टीला घरी येणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या ६० च्या जागी १८२ दिवसांची सवलत आहे. सुट्टीला येणाऱ्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, तर मात्र ही मर्यादा १२० दिवसांवर येते.

सगळ्यात महागात पडतं ते पहिलं वर्ष. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसलेला माणूस त्या वर्षी अनिवासी ठरू शकतो. तोच दिवाळी करून नोव्हेंबरमध्ये गेला, तर त्या संपूर्ण वर्षासाठी तो निवासी. मग नोव्हेंबर ते मार्चचा दुबईचा पगारही भारतात करपात्र होतो. दुबईत वैयक्तिक आयकर नाही, त्यामुळे 'तिकडे भरला' म्हणून इथे वजावट मिळण्याचाही प्रश्न नाही. तारीख आपल्या हातात असेल, तर जाण्याआधी एकदा कॅलेंडर बघावं.

२०२० च्या अर्थसंकल्पात 'मानीव निवासी' ही नवी तरतूद आली तेव्हा आखातातल्या कामगारांमध्ये बरीच घबराट पसरली होती. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे आणि दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागत नाही, अशा भारतीय नागरिकाला निवासी मानायचं, अशी ती तरतूद. आखातात प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांच्या तिथल्या पगारावर कर लावण्याचा हेतू नाही, असा खुलासा सरकारने २ फेब्रुवारी २०२० रोजी केला. आपल्या उदाहरणातल्या सुपरवायझरचं भारतातलं उत्पन्न ६ लाख ३० हजार आहे, त्यामुळे त्याचा या तरतुदीशी संबंधच येत नाही.

मर्चंट नेव्हीतल्या जोडीदाराची दिवसमोजणी थोडी वेगळी असते. ती पासपोर्टच्या शिक्क्यांबरोबर सीडीसीमधल्या नोंदींवरून होते.

जोडीदार परदेशी नागरिक असेल तर?

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी १९४१ मध्ये चीनमध्ये गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं, तेव्हा हा प्रश्न कुणाला पडला नसेल. आज पडतो. उत्तर सोपं आहे. भारतात निवासी ठरायला नागरिकत्व लागत नाही, दिवस लागतात. परदेशी सून किंवा जावई सोलापुरात वर्षात १८२ दिवस राहिला, की तोही निवासी. फक्त, मूळ भारतीय वंशाचा नसेल तर वर सांगितलेली ६० ऐवजी १८२ ची सवलत त्याला मिळत नाही. क्लबिंग मात्र सगळ्यांना सारखंच.

गोव्याचा नियम वेगळा

हे महाराष्ट्रात फार कमी लोकांना माहीत आहे. गोव्यात अजूनही पोर्तुगीज नागरी संहितेतली 'कम्युनियन ऑफ अ‍ॅसेट्स' पद्धत लागू आहे, म्हणजे लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक. त्यामुळे आयकर कायद्यात खास कलम ५ए आहे. गोव्यासोबतच ते दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीतल्या या संहितेखालच्या जोडप्यांनाही लागू होतं. त्यानुसार घरभाडं, व्याज, धंद्याचा नफा, भांडवली नफा हे सगळं दोघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं. पगार मात्र ज्याचा त्याचाच.

मडगावचा नवरा लंडनमध्ये आणि बायको घरी असेल, तर मडगावच्या भाड्याचं निम्मं उत्पन्न तिच्या रिटर्नमध्ये, निम्मं त्याच्या. रिटर्नमध्ये यासाठी 'शेड्यूल ५ए' असं वेगळं पान आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याला आलं की हा नियम संपतो.

बायकोला रिटर्न कधी भरावाच लागतो?

तिचं स्वतःचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असलं तरी काही वेळा रिटर्न सक्तीचा आहे. परदेशात जोडीदार असलेल्या घरात या गोष्टी सहज घडतात. वर्षात बचत खात्यांत एकूण ५० लाख किंवा जास्त जमा झाले (फ्लॅटसाठी नवऱ्याने एकदम पाठवले तर होतात). स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या परदेश प्रवासावर २ लाखांपेक्षा जास्त खर्च केला. मुलांना घेऊन मे महिन्यात महिनाभर दुबईला गेलात, तिकिटं तुमच्या कार्डवर काढली, की झालं.

त्याहून गंभीर म्हणजे परदेशातलं खातं. दुबईच्या बँकेत नवऱ्याने सोय म्हणून बायकोचं नाव जॉइंट घातलेलं असतं. बायको भारतात निवासी आहे. निवासी व्यक्तीने परदेशातली मालमत्ता किंवा खातं रिटर्नच्या 'शेड्यूल एफए'मध्ये दाखवायला लागतं, उत्पन्न शून्य असलं तरी. त्यासाठी साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. हे शेड्यूल आर्थिक वर्षाचं नसून जानेवारी ते डिसेंबर अशा कॅलेंडर वर्षाचं असतं, हेही अनेकांचं चुकतं. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. स्थावर सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे. पण दंड नाही याचा अर्थ दाखवायचं नाही असा होत नाही. परदेशी बँका खात्यांची माहिती करारानुसार भारताला पाठवतात. खात्याचे मेसेज येतात ते त्यावरूनच.

अमेरिकेत असलेल्यांचं काय?

इथे गणित उलटं आहे. भारतात एकत्र रिटर्न नाही, अमेरिकेत आहे, आणि बराच फायद्याचा आहे.

एच-१बी वर गेलेला नवरा तिथला करनिवासी झाला आणि बायको सोलापुरातच आहे. त्याला दोन मार्ग असतात. 'विवाहित, पण वेगळा' म्हणून रिटर्न भरायचा, किंवा बायकोलाही करापुरतं अमेरिकेची रहिवासी मानावं असा पर्याय निवडून एकत्र रिटर्न भरायचा. ती कधी अमेरिकेत पाऊल न टाकलेली असली तरी चालतं. त्यासाठी दोघांच्या सहीचं निवेदन पहिल्या एकत्र रिटर्नला जोडावं लागतं.

नवऱ्याचा २०२५ चा पगार ९० हजार डॉलर, बायकोला उत्पन्न नाही, असं धरू. वेगळा भरला तर वजावट १५,७५० डॉलर, केंद्रीय कर साधारण ११,२५० डॉलर. एकत्र भरला तर वजावट ३१,५००, कर साधारण ६,५४० डॉलर. वर्षाला ४,७०० डॉलरचा फरक.

बायको इथे कमावती असेल, तर थांबून विचार करायला हवा. एकत्र रिटर्न भरला की तिचा सोलापूरचा पगार, एफडीचं व्याज, सगळं अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. भारतात भरलेल्या कराचं श्रेय मिळतं, त्यामुळे दुहेरी कर सहसा लागत नाही. पण तिच्या नावावर म्युच्युअल फंड असतील तर अमेरिकेचे त्यावरचे नियम इतके किचकट आहेत की सीएची फी वाचलेल्या करापेक्षा जास्त व्हायची. शिवाय हा पर्याय एकदा सोडला, तर तेच जोडपं तो पुन्हा निवडू शकत नाही.

बायकोकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर डब्ल्यू-७ फॉर्म भरून 'आयटीआयएन' घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत लागते. नोटरीची प्रत चालत नाही. मूळ पासपोर्ट टपालाने अमेरिकेला पाठवायची हिंमत नसेल (माझी तरी झाली नसती), तर मान्यताप्राप्त एजंटांकडून पडताळणी करून घेता येते.

वेगळा रिटर्न भरून टाकला असेल तरी तीन वर्षांच्या आत तो बदलून एकत्र करता येतो. आणि नवऱ्याच्या भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली असेल, तर 'एफबार' नावाचं वेगळं विवरण द्यावं लागतं. एनआरई, एनआरओ, आईसोबतचं जॉइंट खातं, सगळं त्यात येतं.

ब्रिटनमध्ये १९९० पासून पती-पत्नीचा कर वेगळाच आहे, त्यामुळे तिथे आपल्यासारखंच. जर्मनीत विवाहितांना एकत्र करआकारणीचा मोठा फायदा मिळतो, पण त्यासाठी जोडीदार तिथे राहायला हवा. सोलापुरात बसलेल्या बायकोमुळे तो मिळत नाही.

नवऱ्याचा रिटर्न इथून भरायचा कसा?

एनआरआयला आयटीआर-१ भरता येत नाही. धंदा नसेल तर आयटीआर-२. शेवटची तारीख एरवी ३१ जुलै. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतो, पण ५ हजारांपर्यंत विलंब शुल्क लागतं. क्लबिंगचं व्याज त्यातल्या 'शेड्यूल एसपीआय'मध्ये बायकोचं नाव आणि पॅन देऊन दाखवायचं.

बँकेने टीडीएस बायकोच्या पॅनवर कापलेला असतो. ४ लाख २० हजारांवर १० टक्क्यांनी ४२ हजार. उत्पन्न नवऱ्याचं आणि टीडीएस बायकोचा, हे जुळवण्यासाठी नियम ३७बीए आहे. बायकोने बँकेला लेखी कळवलं की टीडीएसचं श्रेय नवऱ्याकडे वळवता येतं. तिच्या एआयएसमध्ये जाऊन त्या व्याजापुढे 'ही माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित आहे' असा अभिप्राय नोंदवायचा. सुरुवातीच्या एसएमएसचं उत्तर खरं तर हेच आहे.

भाडेकरूचीही एक भानगड आहे. घरमालक एनआरआय असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो. २५ हजारांवर महिना ७,८००, वर्षाचे ९३,६००. आपल्या उदाहरणात प्रत्यक्ष कर होता ११,९६०. उरलेले पैसे रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. दरवर्षी हे टाळायचं तर नवऱ्याने आयकर खात्याकडून कमी दराने टीडीएस कापण्याचा दाखला आधीच घ्यावा आणि भाडेकरूला द्यावा.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करायला लागते. आधारचा ओटीपी जुन्या भारतीय नंबरवर येतो आणि ते सिम कधीच बंद पडलेलं असतं, ही घरोघरची कथा. नेट बँकिंगमधून पडताळणी होते, किंवा सही केलेला आयटीआर-व्ही बेंगळुरूच्या केंद्राला टपालाने पाठवता येतो. नवरा देशाबाहेर असेल तर मुखत्यारपत्र देऊन बायकोला प्रतिनिधी नेमता येतं, मग पोर्टलवर ती त्याच्या वतीने रिटर्न भरून पडताळू शकते. नवऱ्याचा पॅन आधारशी जोडलेला नसेल, तर पोर्टलवर निवासी दर्जा 'अनिवासी' केला आहे ना, हे आधी बघा. नाहीतर पॅन निष्क्रिय दाखवतो आणि रिफंड अडकतो.

मागच्या वर्षांचं राहून गेलं असेल तर?

अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, आता चार वर्षांपर्यंत भरता येतो. जितका उशीर तितका जादा कर. पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. आयटीआर-यू ने रिफंड मागता येत नाही, फक्त राहिलेला कर भरता येतो.

वर दिलेली कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. त्यात कलमांचे आकडे बदललेत आणि 'असेसमेंट इयर'च्या जागी 'टॅक्स इयर' आलंय. मात्र २०२५-२६ या वर्षाचा आणि त्याआधीच्या वर्षांचा रिटर्न जुन्या कायद्यानुसारच भरायचा आहे. सीएकडे जाताना नवऱ्याच्या पासपोर्टवरच्या सगळ्या शिक्क्यांच्या पानांचे फोटो आधीच मागवून घ्या. तो पहिला प्रश्न दिवसांचाच विचारणार आहे.